दोन तपांची विद्या, दहा वर्षांचं कर्ज

अमुक विषय शिकून पोट भरतं का, हा प्रश्न आपल्याकडे नवीन नाही. संस्कृत घेणाऱ्याला तो विचारला गेला, तत्त्वज्ञान घेणाऱ्याला तर मुलगी बघायला गेल्यावरही विचारला गेला. कॉग्निटिव्ह सायन्सची गंमत अशी की पोटाच्या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न येतो, "म्हणजे काय असतं हे?" मराठीत कुणी बोधविज्ञान म्हणतं, कुणी संज्ञानशास्त्र. ज्या विषयाच्या नावावरच अजून एकमत नाही, त्याच्या पदवीचा भाव कोण आणि कसा ठरवणार?

माझ्या डोक्याला हा भुंगा भाचीनं लावला. पुण्यातून बीई कॉम्प्युटर, दोन वर्षं नोकरी, आणि आता अमेरिकेत जाऊन कॉग्निटिव्ह सायन्समध्ये मास्टर्स करायचं म्हणते. पाठोपाठ ताईचा फोन. "तुमच्याच लायनीतलं आहे ना रे ते? मग कर्ज काढायचं की नाही एवढंच सांग." ताईची सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे तिचे प्रश्न असे मुद्देसूद असतात. भाचीचं म्हणणं वेगळंच. "मामा, तू आईला फक्त विषय समजावून सांग. पैशाचं मी बघते."

आता दोघींनाही एकच उत्तर द्यायचं म्हणजे पंचाईत. पगाराचे तक्ते बघून उपयोग नव्हता, कारण या पदवीचे लोक त्या तक्त्यांत 'डिझायनर', 'डेटा सायंटिस्ट', 'रिसर्चर' अशा वेगवेगळ्या नावांनी विखुरलेले असतात. मग विचार केला, उलटीकडून बघू. या विषयाच्या जन्मापासून आजपर्यंत त्यात पैसा कुणी घातला, आणि परत कुणाला मिळाला? दोन शनिवार-रविवार त्यात गेले. जे हाती लागलं ते असं.

* * *

या शास्त्राला चक्क वाढदिवस आहे. ११ सप्टेंबर १९५६. त्या दिवशी एमआयटीत माहिती सिद्धांतावर परिसंवाद चालू होता. अ‍ॅलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमबद्दल सांगितलं, नोम चॉम्स्की यांनी भाषेच्या व्याकरणाची गणिती मांडणी केली, आणि जॉर्ज मिलर यांनी माणसाच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीच्या मर्यादेवर भाषण केलं. तोवर अमेरिकन मानसशास्त्रात वर्तनवाद्यांचं राज्य होतं. मनाच्या आत काय चालतं ते विचारायचं नाही, बाहेर दिसतं तेवढंच मोजायचं, असा खाक्या. मिलर यांनी २००३ मध्ये लिहिलं की त्या परिसंवादातून बाहेर पडताना मानसशास्त्र, भाषाशास्त्र आणि संगणक हे एकाच मोठ्या गोष्टीचे तुकडे आहेत असं त्यांना मनोमन वाटलं होतं.

बारसं मात्र सतरा वर्षांनी झालं, तेही भांडणात. ब्रिटनमध्ये १९७३ साली सर जेम्स लाइटहिल यांचा अहवाल आला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनातून काही फारसं निघालेलं नाही, असा त्याचा सूर होता आणि त्यानं तिथल्या संशोधनाच्या निधीला चांगलीच कात्री लागली. त्याच अहवालासोबत छापलेल्या प्रतिक्रियेत एडिंबरोचे ख्रिस्टोफर लाँगे-हिगिन्स यांनी 'कॉग्निटिव्ह सायन्स' हा शब्द वापरला. मूळचे रसायनशास्त्रज्ञ, मग मेंदूकडे वळलेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की या संशोधनाकडे यंत्रं बनवण्याचा धंदा म्हणून बघू नका, माणसाचं मन समजून घेण्याचं शास्त्र म्हणून बघा. म्हणजे ज्या कागदावर या विषयाचं नाव पहिल्यांदा आलं, तो मुळात 'यातून पैसे सुटत नाहीत' या तक्रारीला दिलेल्या उत्तराचा कागद होता. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, तेव्हापासून हेच."

खरा पैसा आला १९७६ पासून. अमेरिकेतल्या आल्फ्रेड स्लोन फाउंडेशननं (हे स्लोन म्हणजे जनरल मोटर्सचे) या विषयासाठी खास कार्यक्रम सुरू केला आणि पुढच्या काही वर्षांत त्यात सुमारे दोन कोटी डॉलर घातले. १९७८ च्या त्यांच्या अहवालात एक षटकोन आहे. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, भाषाशास्त्र, संगणकशास्त्र, मानववंशशास्त्र आणि मेंदूविज्ञान, अशी सहा टोकं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. आजही या विषयाच्या पहिल्या तासाला हेच चित्र फळ्यावर येतं. १९७७ मध्ये नियतकालिक निघालं, १९७९ मध्ये सोसायटी स्थापन झाली, १९८२ मध्ये व्हॅसार कॉलेजनं पदवी सुरू केली आणि १९८६ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्वतंत्र विभाग झाला.

या तारखांवरून एक गोष्ट सरळ दिसते. ज्यांची नावं घेऊन हा विषय विकला जातो, त्यांच्यापैकी जवळपास कुणाकडेच या विषयाची पदवी नाही. असणार कुठून? पदवीच १९८२ ची. सायमन राज्यशास्त्राचे, मिलर मानसशास्त्राचे, चॉम्स्की भाषाशास्त्राचे. तेव्हा माहितीपत्रकात मोठी नावं दिसली की आधी ही वजाबाकी करून घ्यावी.

* * *

या ज्ञानाला किंमत नव्हती असं मात्र अजिबात नाही. उलट आपल्या धंद्यात इतका स्वच्छ मोजलेला फायदा क्वचितच बघायला मिळतो. एक उदाहरण मला फार आवडलं.

१९८३ मध्ये स्टुअर्ट कार्ड, टॉम मोरन आणि न्यूएल यांनी माणूस आणि संगणक यांच्या व्यवहाराच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक पद्धत होती. कुठलंही काम घ्या, त्याचे बारीक तुकडे करा (डोळा फिरवणं, आठवणं, ठरवणं, कळ दाबणं), प्रत्येकाला लागणारा वेळ मांडा आणि बेरीज करून सरावलेल्या माणसाला किती वेळ लागेल ते आधीच सांगा. थोडक्यात, माणसाचं प्रोफायलिंग!

पुढे नायनेक्स या न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंड भागातल्या टेलिफोन कंपनीला आपल्या ऑपरेटर मंडळींसाठी नवीन वर्कस्टेशन घ्यायचं होतं. नवा पडदा चांगला, चित्रं स्पष्ट, कळा कमी दाबाव्या लागणार. प्रत्येक कॉलमागे सरासरी एक सेकंद वाचला तर कंपनीचे वर्षाला सुमारे ३० लाख डॉलर वाचणार होते. वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल अ‍ॅटवूड यांनी ही पद्धत लावून गणित मांडलं. उत्तर आलं की नवं यंत्र जुन्यापेक्षा हळू आहे! चार महिन्यांच्या प्रत्यक्ष चाचणीतही तेच दिसलं. कॉलमागे साधारण दोन तृतीयांश सेकंद जास्त. वर्षाला सुमारे २० लाख डॉलरचा फटका.

कारण आपल्या लोकांना लगेच कळेल, ते म्हणजे क्रिटिकल पाथ. नव्या रचनेत ज्या कळा वाचल्या होत्या, त्या वेळी ऑपरेटर तसाही गिऱ्हाईक काय बोलतंय ते ऐकत थांबलेला असायचा. तिथे हात मोकळा झाल्यानं काहीच वाचत नव्हतं. आणि जिथे खरोखर वेळ जात होता, तिथे एक कळ वाढली होती. १९९३ मध्ये हे सगळं सविस्तर प्रसिद्ध झालं.

आता हिशेब बघा. वीस लाख डॉलर, दर वर्षी. पण हे वाचलेले पैसे कुणाचे? टेलिफोन कंपनीचे. हिशेब मांडणाऱ्यांना काय मिळालं? त्यांचा नेहमीचा पगार आणि एक चांगला पेपर. यात अन्याय काही नाही, नोकरी म्हणजे हेच. पण ज्ञानाची किंमत आणि ज्ञान असणाऱ्याचा पगार या दोन वेगळ्या रकमा आहेत, हे डोक्यात पक्कं बसतं. माहितीपत्रकं नेहमी पहिली रक्कम दाखवतात आणि ईएमआय दुसरीतून जातो.

* * *

या विषयातून मोठा पैसा दोनदा निघाला, असं मला दिसतं.

पहिल्यांदा पडद्यावरच्या वापरसुलभतेतून. डोनाल्ड नॉर्मन, सॅन डिएगोच्या त्या विभागाचे पहिले प्रमुख, १९८८ मध्ये रोजच्या वस्तूंच्या रचनेवर पुस्तक लिहितात. दार ओढायचं की ढकलायचं हे कळत नसेल तर चूक तुमची नाही, दार बनवणाऱ्याची आहे, असं सांगणारं. १९९३ मध्ये ते अ‍ॅपलमध्ये जातात आणि पदाच्या नावातच 'युजर एक्स्पिरियन्स' घेतात. आज प्रत्येक कंपनीत यूएक्स नावाची जी टीम असते (आणि आपण रात्री जागून केलेल्या पडद्यावर सकाळी लाल शेरे मारते :-)) तिचं नाव इथून आलेलं आहे.

दुसरी कहाणी न्यूरल नेटवर्कची, आणि या सगळ्या लेखाचा कणा तीच आहे.

जेफ्री हिंटन यांनी १९७० मध्ये केंब्रिजमधून प्रायोगिक मानसशास्त्रात पदवी घेतली. त्यानंतर काही काळ सुतारकाम केलं. (हो, लाकडाचं.) मग एडिंबरोत पीएचडी. मार्गदर्शक कोण? तेच लाँगे-हिगिन्स, 'कॉग्निटिव्ह सायन्स' हा शब्द देणारे. गंमत म्हणजे तोपर्यंत गुरुजींचा न्यूरल नेटवर्कवरून विश्वास उडाला होता. शिष्य ऐकेना. पीएचडीनंतर ब्रिटनमध्ये काम मिळेना, म्हणून सॅन डिएगो गाठलं. तिथे डेव्हिड रमेलहार्ट आणि जेम्स मॅक्लेलंड यांच्यासोबत एक गट जमला. १९८६ मध्ये रमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांचा बॅकप्रोपगेशनवरचा पेपर 'नेचर'मध्ये आला आणि त्याच वर्षी या गटाचं दोन खंडांचं पुस्तक निघालं. आज ज्या यंत्रांशी आपण दिवसभर गप्पा मारतो, त्यांना शिकवण्याची मूळ युक्ती तीच आहे.

त्यानंतर काय झालं? पैशाच्या बाबतीत म्हणाल तर बरीच वर्षं फारसं काही नाही. संगणक दुबळे होते, डेटा थोडा होता, आणि नव्वदीत आणि दोन हजारच्या दशकात हा रस्ता बंद आहे असंच बहुतेकांचं मत होतं. २०१२ मध्ये हिंटन आणि त्यांचे दोन विद्यार्थी, अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की आणि इल्या सुत्सकेवर, यांच्या नेटवर्कनं चित्रं ओळखण्याची स्पर्धा प्रचंड फरकानं जिंकली. २०१३ मध्ये गूगलनं या तिघांची कंपनी घेतली. पुढे प्रसिद्ध झालेला आकडा ४ कोटी ४० लाख डॉलर. तेव्हा हिंटन ६५ वर्षांचे होते. २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, जॉन हॉपफिल्ड यांच्यासोबत.

१९८६ ते २०१२. सव्वीस वर्षं. आपल्या जुन्या हिशेबात बारा वर्षांचं एक तप, म्हणजे दोन तपं आणि वर दोन वर्षं. एवढा काळ हे लोक कशावर जगले? नोकऱ्या विद्यापीठांच्या होत्या. स्लोनचा पैसा होता, अमेरिकन नौदलाच्या संशोधन खात्याचा पैसा होता, २००४ मध्ये कॅनडातल्या एका संशोधन संस्थेनं हिंटन यांच्या नेतृत्वाखाली न्यूरल संगणनाचा कार्यक्रम सुरू केला तो पैसा होता. या सगळ्या पैशाचा गुण एकच, त्याला घाई नव्हती. त्याला धीराचा पैसा म्हणू.

शैक्षणिक कर्ज हा त्याच्या बरोबर उलट्या स्वभावाचा पैसा आहे.

* * *

आता थोडं गणित. आकडे उदाहरणापुरते आहेत, आपापले घालून बघा.

समजा ५० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, परतफेड दहा वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ६६ हजार रुपये. दहा वर्षांत एकूण ७९ लाखांच्या वर. शिकत असतानाचं व्याज वेगळं. शिवाय दोन वर्षांचा बुडालेला पगार, जो माहितीपत्रकात कधीच लिहिलेला नसतो, पण खर्चच असतो. (शिक्षणाकडे भांडवली गुंतवणूक म्हणून बघणं थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात रूढ केलं. बुडालेला पगार खर्चात धरायचा, हे त्यांच्या हिशेबात पहिल्यापासून आहे.)

दुसरी बाजू. समजा हे ज्ञान सव्वीस वर्षांनी एक कोटी रुपये मिळवून देणार आहे. अगदी खात्रीनं. त्याच १० टक्क्यांनी त्याची आजची किंमत काढली तर येतात ८ लाख ४० हजार रुपये, जेमतेम. कोटीचे आठ लाख! आणि खात्री तर नाहीच. हिंटन यांच्याबरोबर त्या काळात ज्या अनेकांनी हा विषय सोडून दिला, त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही.

मला सापडलेली खरी गोष्ट ही. कॉग्निटिव्ह सायन्समध्ये पैसा नाही हे म्हणणं खोटं आहे. पैसा आहे, खूप आहे, पण तो पिकायला तपं लागतात आणि कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला लागतो. दोन घड्याळं वेगवेगळ्या चालीनं चालतात.

"पण मामा," भाची म्हणाली, "रीड हॉफमन? मरिसा मेयर? इन्स्टाग्रामचा माइक क्रीगर?" तिनं अभ्यास केला होता. तिघेही स्टॅनफर्डच्या 'सिंबॉलिक सिस्टिम्स' या अभ्यासक्रमाचे. १९८६ मध्ये सुरू झालेला हा कॉग्निटिव्ह सायन्सचा सख्खा भाऊच. हॉफमन यांनी पुढे लिंक्डइन काढलं, मेयर गूगलमध्ये सुरुवातीच्या वीस माणसांत होत्या, आणि २०१२ मध्ये इन्स्टाग्राम एक अब्ज डॉलरला विकलं गेलं. आणखी एक नाव मीच जोडलं, डेमिस हसाबिस. आधी संगणकशास्त्र, मग गेम्सच्या धंद्यात, मग २००९ मध्ये लंडनला कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्समध्ये पीएचडी, २०१० मध्ये डीपमाइंड, २०२४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल.

यादी खरी आहे. पण तिच्यातून काय सिद्ध होतं? मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये (योगायोग बघा, लाँगे-हिगिन्स यांनी नाव दिलं तेच साल) एक सिद्धांत मांडला. पदवी म्हणजे नुसतं शिक्षण नाही, ती नोकरी देणाऱ्याला दिलेली खूण आहे. समोरच्याला तुमची कुवत आत शिरून बघता येत नाही, म्हणून तो खूण बघतो. खूण चालायची तर ती समोरच्याला ओळखता यायला हवी. 'संगणकशास्त्र' ही खूण पुण्यातल्या, बंगळुरातल्या, सॅन होजेतल्या कुठल्याही एचआरला कळते. 'कॉग्निटिव्ह सायन्स' म्हटल्यावर मुलाखतीतली पहिली पाच मिनिटं ते काय असतं हे सांगण्यात जातात. आणि वरच्या यादीत खूण 'सिंबॉलिक सिस्टिम्स'ची नव्हती, स्टॅनफर्डची होती. त्यातही स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांचा २००२ चा अभ्यास सांगतो की मोठ्या कॉलेजांत प्रवेश मिळूनही साध्या कॉलेजात गेलेली मुलं पुढे सर्वसाधारणपणे तेवढंच कमावतात. म्हणजे पुष्कळसं श्रेय त्या मुलांचं स्वतःचंच.

विषयाच्या आतूनही हीच कुरकुर आहे. २०१९ मध्ये सॅन डिएगोचेच राफाएल नुन्येझ आणि सहकाऱ्यांनी 'कॉग्निटिव्ह सायन्सचं झालं काय?' अशा अर्थाचा पेपर लिहिला. स्लोनच्या षटकोनातली सहा टोकं एकत्र येऊन एक शास्त्र होणार होतं, ते झालंच नाही, मानसशास्त्रानं बहुतेक जागा व्यापली, असा त्याचा निष्कर्ष. या विषयाची पदवी एकसारखी नाही ती यामुळेच. एका विद्यापीठात तिच्यात मशीन लर्निंग आणि संख्याशास्त्र असतं, दुसऱ्यात निबंध आणि चर्चासत्रं. नाव तेच, माल वेगळा.

* * *

मग मी सांगितलं काय?

या विषयाच्या आद्य माणसांपैकी एक, हर्बर्ट सायमन, यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं, माणूस सर्वोत्तम पर्याय शोधू शकत नाही, तेवढी माहिती आणि वेळ त्याच्याकडे नसतो. तो 'इतकं जमलं तर पुरे' अशी रेघ आखतो आणि तिच्यावर जाणारा पहिला पर्याय घेतो. तेव्हा कॉग्निटिव्ह सायन्सच्या पदवीचा हिशेब कॉग्निटिव्ह सायन्सवाल्यांच्याच पद्धतीनं करावा, हे बरं. मी तीन रेघा आखल्या.

एक. अभ्यासक्रमाची यादी काढायची आणि विषयाचं नाव झाकून ठेवायचं. संख्याशास्त्र, प्रयोगांची आखणी, प्रोग्रॅमिंग, माणसांवर चाचण्या घेण्याचा अनुभव, यातलं निम्मं तरी आहे का? या पदवीला आजवर जी नोकरी मिळाली ती याच गोष्टींवर मिळाली. नुसत्या षटकोनावर नाही.

दोन. हप्ता सर्वात साध्या पहिल्या नोकरीतून निघाला पाहिजे. स्वप्नातल्या नव्हे. आणि व्हिसाचं काही बिनसून पुण्याला परत यावं लागलं, तर रुपयातल्या पगारातूनही. ६६ हजार हप्ता भरून महिना निघतो का? इथे ताई पहिल्यांदा हसली. अमेरिकेत शिकल्यावर नोकरीसाठी किती काळ थांबता येतं, हे त्या पदवीचा वर्गीकरण क्रमांक विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत बसतो का यावर अवलंबून असतं. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी क्रमांक विचारायचा आणि त्या वेळचा नियम स्वतः वाचायचा. नियम बदलत असतात.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाची. पैसा कोणाचा? असिस्टंटशिप किंवा फेलोशिप मिळत असेल तर गणित मुळापासून बदलतं. तेव्हा धीराचा पैसा दुसऱ्याचा असतो आणि विद्या तुमची. हिंटन असेच टिकले. आपल्याकडेही हा रस्ता आहे. अलाहाबाद विद्यापीठात २००२ पासून वर्तन आणि बोधविज्ञानाचं केंद्र आहे, गांधीनगर, कानपूर, दिल्लीच्या आयआयटींत हा विषय शिकवला जातो, हैदराबादच्या ट्रिपल आयटीत संशोधन चालतं. अमेरिकेच्या तुलनेत खर्च किरकोळ.

म्हणून निकाल असा: ५० लाखांच्या कर्जावर ही पदवी घेऊ नये. दुसऱ्याच्या धीराच्या पैशावर मिळत असेल तर जरूर घ्यावी, आणि सोबत एक हातात धरता येईल असं कसब पक्कं करावं.

भाचीला हे फारसं आवडलं नाही. "म्हणजे ज्यांच्या घरी पैसे आहेत त्यांनीच मनाबद्दल विचार करायचा?" ती म्हणाली. प्रश्न बोचरा आहे, आणि माझ्या तीन रेघांत त्याचं उत्तर नाही. दोन वर्षं पेमेंट गेटवेचे बग सोडवून ती कंटाळली आहे, माणसाला भाषा कशी येते हा प्रश्न तिला खरोखर झोपू देत नाही, आणि या ओढीचा रकाना माझ्या स्प्रेडशीटमध्ये नाही. पण हप्त्याच्या ओझ्याखाली तोच प्रश्न दोन वर्षांत नकोसा होऊ शकतो, हेही तितकंच खरं. ओढ जपायची असेल तर तिला कर्जाला जुंपू नये. सध्या ती गांधीनगरचा अभ्यासक्रम वाचते आहे आणि जिथे असिस्टंटशिप मिळते अशा परदेशी विद्यापीठांची यादी करते आहे. ताई दोन्हीकडे फी बघते आहे.

ज्यांना हा हिशेब फार कोरडा वाटला त्यांच्यासाठी एक शेवटचा जमाखर्च. सॅन डिएगोला रमेलहार्ट यांच्या हाताखाली १९७९ मध्ये पीएचडी केलेला रॉबर्ट ग्लुश्को नावाचा एक विद्यार्थी पुढे उद्योजक झाला. त्याच्या सहभागानं उभी राहिलेली वेओ सिस्टिम्स ही कंपनी १९९९ मध्ये कॉमर्स वननं विकत घेतली. इकडे त्याच्या गुरूला मेंदूचा पिक आजार झाला होता. आयुष्यभर मनाचा अभ्यास केलेल्या माणसाची स्मृती आणि वाचा हळूहळू जात होती. ग्लुश्को आणि त्याच्या पत्नीच्या फाउंडेशननं गुरूच्या नावानं एक लाख डॉलरचा वार्षिक पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार २००१ मध्ये दिला गेला, जेफ्री हिंटन यांना. तेव्हा न्यूरल नेटवर्कला बाजारात फारसं कुणी विचारत नव्हतं, आणि गूगलचा तो सौदा व्हायला अजून बारा वर्षं होती.

या शास्त्रात कमावलेला पैसा कधीकधी असा त्याच शास्त्राकडे धीराचा पैसा होऊन परत येतो. भाचीला मी सांगितलंय, जमलं तर पुढे तूही असं काही कर. आधी मात्र फेलोशिपचा फॉर्म भर, शेवटची तारीख जवळ आली आहे.